उत्तरेचा बाण

माझा धंदा नकाशे काढायचा. घरांचे, दुकानांचे, गोदामांचे. अठ्ठावीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खिडकीखालच्या उतरत्या टेबलावर मी हे करते आहे. बाकी सगळे संगणकावर गेले. मी अजून ट्रेसिंग कागदावर शाईने काढते आणि साहेब काही म्हणत नाहीत, कारण मी मोजलेली भिंत पुन्हा मोजावी लागत नाही. ही फुशारकी नाही. पुढचं ऐकून लोक म्हणतात, बाई हळवी दिसते. मी हळवी नाही, रागीट आहे, आणि या प्रकरणात मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

आमचं घर बैठं आहे. मधोमध एक पॅसेज आणि चार कोपऱ्यांना चार खोल्या. उजवीकडे बैठकीची खोली आणि तिच्यासमोर स्वयंपाकघर. डावीकडच्या टोकाला दोन खोल्या समोरासमोर, आणि त्यांच्या दारांच्या मध्ये जमिनीत एक रुंद लाकडी फळी. खालून पाण्याचा नळ जातो, तो उघडता यावा म्हणून बाबांनी ती बसवली होती. ती फळी वाजते. दादाच्या पायाखाली ती म्हशीसारखी कण्हते. माझ्या पायाखाली दोनदा तुटक बोलते, कारण मी भरभर चालते. आईच्या पायाखाली एकदाच, बारीक. आईची नजर गेली दहा वर्षं अधू आहे. ती माणसं त्या फळीवरूनच ओळखते. मी अजून तोंड उघडायच्या आत आतून आवाज यायचा, "आलीस का गं?"

बाबा गेल्यावर त्या घरात आई आणि दादा दोघंच राहिले. दादाने लग्न केलं नाही. त्याचं गालिच्यांचं दुकान आहे. मी दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहते आणि दर रविवारी सकाळी आईकडे जाते. दादा मला लहानपणापासून पट्टी म्हणतो, फूटपट्टीतली पट्टी.

दोन वर्षांपूर्वी त्याने घराचा नकाशा मागितला. मी एका रविवारी टेप घेऊन मोजमाप केलं, सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नकाशा काढला, कोपऱ्यात सही ठोकली आणि देऊन टाकला. घरचं काम. त्याच्यावर मी पुन्हा नजरही टाकली नाही.

तो नकाशा दादाला कशासाठी हवा होता ते नंतर कळलं. त्याने एक वास्तुसल्लागार गाठला होता. हे गृहस्थ बैठकीच्या खोलीत बसले, माझ्या नकाशावर रंगीत पेन्सिलींनी चौकोन आखले, कुठल्या दिशेला काय असावं ते ठरवलं, आणि तो नकाशा काचेच्या चौकटीत घालून पॅसेजमध्ये, घराच्या बरोबर मध्यावर टांगायला सांगितला. मला हसू आलं. गॅसची शेगडी हलवली, आरसा काढला, दाराला पायपुसणं बदललं. हौसेला मोल नसतं म्हणून मी गप्प बसले.

मग या वर्षी एका रविवारी मी आत शिरले आणि बैठकीत असायचा तो दादाचा पलंग आईच्या खोलीत दिसला.

आई समोरच्या खोलीत होती, जिथं दादा दुकानातले न खपलेले गालिचे ठेवायचा. गालिचे नव्हते. तिची खाट, तिची वेताची खुर्ची, तिचं औषधांचं टेबल, सगळं तिथं मांडलेलं होतं.

"हे कोणी केलं?" मी विचारलं.

"मी," दादा म्हणाला. "ती खोली घरातल्या कर्त्या माणसाची. नैऋत्य. तिथं घराचा भार असतो."

"चाळीस वर्षं ती तिथं झोपली. तेव्हा भार कोणावर होता?"

"पट्टी, उगाच आवाज चढवू नकोस. खोली चांगली आहे. उजेड आहे."

"आई, तुला विचारलं का याने?"

आई खुर्चीत बसून पदराची कड बोटाला गुंडाळत होती. "सांगितलं," ती म्हणाली. विचारलं म्हणाली नाही.

दादा चहा करायला गेला तेव्हा बैठकीच्या टेबलावर मला त्या सल्लागाराचा अहवाल दिसला. प्लास्टिकच्या फाइलमध्ये, टाइप केलेला. आग्नेय, नैऋत्य, ईशान्य, प्रत्येक कोपऱ्याला एक परिच्छेद. त्या खोलीचा परिच्छेद असा होता: वायव्य ही वाऱ्याची दिशा. इथं ठेवलेलं फार काळ टिकत नाही. पाहुणे, लग्नाच्या मुली, विक्रीचा माल, जे जे घरातून मार्गी लागावंसं वाटतं ते इथं ठेवावं. समासात दादाच्या अक्षरात दोन नोंदी होत्या. पहिली, "गालिचे – आठवड्यात सगळे गेले!!" त्याखाली, वेगळ्या शाईने, "आई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती फाइल त्याच्या चहाच्या ट्रेमध्ये आपटली.

त्याने नाकारलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो खाली बसला आणि म्हणाला, "मी तिला मारायला टाकलंय का? त्या वृद्धांच्या निवासात जागा मिळते आहे. बाग आहे, नर्स आहेत. ती ऐकतच नाही. सल्लागार म्हणाले, इथं हलवा, मन आपोआप तयार होईल. मी बावन्न वर्षांचा झालो, पट्टी. तू रविवारी येतेस. सोमवार ते शनिवार इथं कोण असतं?"

मी आणखी मोठ्याने ओरडायला लागले. हे सगळं थोतांड आहे म्हणाले. दिशा म्हणजे दिशा, कोन मोजायची सोय, तिला ना घेणं ना देणं. माणूस म्हणजे माल नव्हे म्हणाले. आईला माझ्याकडे चल म्हटलं, तर ती तीन जिने ऐकूनच हसली. जुन्या खोलीत परत चल म्हटलं तर मात्र हसली नाही. "एकदा उचलून ठेवलं ना, आता बास. मी काही गालिचा नाही. आणि या घरातून तर मी कुठेच जायची नाही."

पुढच्या रविवारी तिचा चष्मा नव्हता.

म्हातारी माणसं चष्मे हरवतात. मी खाटेखाली, उशीच्या अभ्र्यात, औषधांच्या डब्यात शोधलं. दादाने नवीन करून आणला. त्याच्या पुढच्या रविवारी तोही नव्हता. भिंतीवरचं घड्याळ नव्हतं. त्या खोलीत ते बाबांच्या वेळेपासून होतं. इतकी वर्षं घड्याळ टांगलेल्या जागी भिंतीवर फिकट गोल उरायला हवा, हे कोणीही सांगेल. मी तळहात ठेवून बघितलं. रंग सगळीकडे सारखा होता, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं.

"काढलंस का रे घड्याळ?"

"कुठलं घड्याळ?" दादा म्हणाला. मग जरा वेळाने, "अरे हो. कुठे गेलं?"

मग वेताची खुर्ची गेली. खुर्ची काही उशीखाली हरवत नाही. मी दादाला वाटेल ते बोलले. विकलीस का, फेकलीस का, एकेक वस्तू काढून तिला घाबरवतोस का. त्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता, आणि याचाही मला रागच आला.

आई खाटेवर बसायला लागली. तिचा आवाज खाली गेला होता. मी उठवायला हात दिला आणि ती इतक्या सहज उठली की मीच मागे गेले.

तेव्हापासून मी वजनकाटा घेऊन जाऊ लागले. अठ्ठावन्न. पुढच्या रविवारी चौपन्न. मग एकोणपन्नास. जेवण तेच होतं, मी समोर बसून जेवू घालत होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, म्हणाले काही नाही, वयाप्रमाणे थोडं उतरतं. पण ती उतरली नव्हती. मी दर वेळी टेपनेही मोजत होते. दंड सत्तावीस सेंटिमीटर, पहिल्या दिवशी होता तेवढाच. कंबर तेवढीच. गाल तेच, पोलक्याची शिवण तशीच घट्ट. मी डॉक्टरांना आकडे दाखवले. त्यांनी काटा बदला म्हणून सांगितलं. मी बदलला. नव्या काट्यावर त्रेचाळीस.

त्या दिवशी ती माझ्यापुढे चालत न्हाणीघरात गेली. फळीवरून गेली. मी तिच्या मागे होते आणि माझ्या पायाखाली फळी दोनदा वाजली.

फक्त दोनदा.

मी तिला परत आणलं, पुन्हा नेलं. "काय कवायत करून घेतेस?" ती म्हणाली. तिचं पूर्ण पाऊल फळीवर टेकत होतं. मी खाली बसून बघितलं. लाकूड किंचितही दबत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी लवकर गेले, सकाळी साडेसातला. आई खाटेवर पडली होती आणि तिच्या तोंडावर ऊन होतं.

"पडदा ओढ गं," ती म्हणाली. "रोज सकाळी डोळ्यांवर येतं."

मी पडद्याला हात घातला आणि तशीच उभी राहिले. वायव्य म्हणजे उत्तर आणि पश्चिम यांच्यामधला कोपरा. त्या कोपऱ्यातल्या खोलीत सकाळचं ऊन तोंडावर कसं येईल? मी होकायंत्र घेऊन रस्त्यावर गेले, गाड्या आणि लोखंडी फाटकं यांच्यापासून लांब, आणि तीनदा बघितलं. सूर्य काही चुकत नाही आणि होकायंत्रही चुकलं नव्हतं. आईची खिडकी पूर्वेला होती. ती खोली वायव्य नव्हतीच. ईशान्य होती.

मला किती आनंद झाला! आता सापडला, म्हटलं. दिशांचा व्यापार करणारा माणूस, आणि त्याला खिडकीतून बाहेर डोकावायची फुरसत झाली नाही! दादाला म्हटलं, बोलाव तुझ्या त्या माणसाला, आज, आत्ता.

ते अकरा वाजता आले. नीटनेटके, नखं कापलेली, आवाज मऊ. मी त्यांना आईच्या खोलीत नेलं, भिंतीवरचं ऊन दाखवलं, होकायंत्र हातात दिलं. त्यांनी शांतपणे बघितलं. मग पॅसेजमध्ये नकाशापाशी येऊन वरच्या कोपऱ्यातल्या बाणावर बोट ठेवलं.

"ताई, इथं उत्तर वर आहे."

"कागदावर काय आहे ते मला सांगू नका."

"मी कागदावरूनच काम केलं. काढलाय कोणी?"

बोट खाली सरकलं. तिथं माझी सही होती.

आमच्या कचेरीत चौकट, नावाचा रकाना आणि उत्तरेचा बाण हे एका नमुन्यावरून गिरवतात. नमुना कागदाखाली ठेवायचा, चौकट गिरवायची, मग जागेवरच्या दिशेप्रमाणे नमुना फिरवायचा आणि शेवटी बाण गिरवायचा. जेवणाच्या सुट्टीत, घाईत, घरचंच काम म्हणून मी नमुना फिरवला नव्हता. नव्या मुलांना मी या चुकीसाठी रडवलेलं आहे.

"ठीक आहे, चूक माझी," मी म्हणाले. "मग तुमचा अहवालही चूक. वायव्य तिथं नाहीच. आईला तिथं हलवून काय होणार होतं?"

"चूक असती," ते म्हणाले, "तर गालिचे गेले नसते."

दादा भिंतीकडे बघत होता.

मी स्टुलावर चढून चौकट उतरवली, मागची पट्टी उघडली, कागद बैठकीच्या टेबलावर पसरला. पर्समध्ये ब्लेड आणि पेन असतंच. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडच्या कडेने खरवडून काढायची असते, अगदी हलक्या हाताने, कागदाचा एक थर तिच्याबरोबर निघतो. माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं: एका जागी एकदाच. दुसऱ्यांदा ब्लेड चाललं की भोक.

"विचार करून करा, ताई," सल्लागार म्हणाले.

"चुकीच्या नकाशावर माझी सही राहणार नाही," मी म्हणाले. एवढंच कारण होतं. मी फक्त चूक दुरुस्त करत होते. बाण खरवडला, कागद तिथं दुधासारखा पातळ झाला, आणि मी बाण डावीकडे वळवून पुन्हा काढला, जिकडे उत्तर खरोखर आहे तिकडे. सल्लागारांच्या रंगीत चौकोनांचा त्याने पार विचका झाला. चौकट परत भिंतीवर लावली. ते चपला घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी मी दारातून आत आले तेव्हा आतून फळीचा आवाज आला. एकदाच, बारीक.

मी पॅसेजमध्येच थांबले आणि मला रडू आलं. वजन एकोणपन्नास. त्याच्या पुढच्या रविवारी पंचावन्न. खुर्ची, घड्याळ, चष्मे परत आले नाहीत, पण नवीन चष्मा टेबलावर ठेवला तो टेबलावरच राहिला. आवाज इतका सुधारला की ती मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल अशी रागावू लागली. दादा निवासाचं नाव काढेना. उलट सकाळचा चहा तो स्वतः तिला नेऊन देऊ लागला. "बरं झालं तू भांडलीस," एकदा म्हणाला. मी त्याला माफ केलं नव्हतं, पण त्या दिवशी त्याच्यासाठी केळी घेऊन गेले होते.

चौथ्या रविवारी त्याने विचारलं, "माझं घड्याळ बघितलंस का? मनगटावरचं."

"उशाशी असेल."

"नाहीये. पाकीटही नाही. वय झालं बघ," तो हसला. हसणं जरा लांबून आल्यासारखं वाटलं.

मी पॅसेजमध्ये गेले आणि नकाशासमोर उभी राहिले. नवीन बाणाप्रमाणे बोटाने चारी कोपरे मोजले. अठ्ठावीस वर्षांच्या कामात इतका साधा हिशेब मी आधी केला नव्हता. घराला चार कोपरे असतात. वायव्य आईच्या खोलीतून उठली होती आणि समोरच्या खोलीत जाऊन बसली होती.

"दादा, आजच्या आज खोली बदल," मी म्हणाले. "बैठकीत झोप. माझ्याकडे ये. कुठेही जा, पण त्या खोलीत नको."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तू सांगतेस हे? तू?"

"मी सांगते."

"पट्टी, दिशा म्हणजे कोन मोजायची सोय. तुझंच वाक्य. मी त्या माणसाला रामराम ठोकलाय, तुझ्यामुळे, आणि आता तू सुरू केलंस?" त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. टपली लागली नाही. केस हलले, एवढंच. "आणि खरं सांगू? त्या खोलीत मला इतकी गाढ झोप लागते. कसलाच भार वाटत नाही."

मी ओरडले, हातापाया पडले, काटा पुढे केला. तो काट्यावर उभा राहिला नाही. वेडेपणा पुरे म्हणाला. राग मला आता कोणाचा येत होता? त्याचा, सल्लागाराचा, त्या छापील परिच्छेदाचा. पण बाणाखाली सही माझी होती.

काल रविवार होता. मी आईच्या खाटेशी स्टुलावर बसले होते. ऊन तिच्या पायांवर आलं होतं. पर्समध्ये ब्लेड होतं. येताना मी नकाशा बघून आले होते. बाणाच्या जागी कागद इतका पातळ झाला आहे की मागच्या भिंतीचा रंग दिसतो. तिथं आता ब्लेड चालणार नाही. नवीन नकाशा मी त्याच्या आधीच्या रविवारीच लावून बघितला होता, बाण तिसरीकडे वळवून. दादाचा चष्मा त्यानंतरही गेला, तेव्हा जुनाच परत टांगला.

समोरच्या खोलीचं दार उघडलं. दादा चहाचा कप घेऊन बाहेर आला. पायात त्याच्या जड चपला होत्या. तो फळीवर आला, पूर्ण पाऊल टेकवून, एक, दोन. मी कान देऊन बसले होते.

तो आत आला आणि आईच्या समोर उभा राहिला, कप पुढे करून.

"आई, चहा," तो म्हणाला.

आईने मान दाराकडे वळवली, जरा वेळ ऐकत राहिली, आणि मग मला विचारलं, "दादा उठला नाही का गं अजून?"